नोकरी, तीन छंद, मित्रांचे दोन ग्रुप आणि नवं प्रेम: हे सगळं एका आठवड्यात कसं बसवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २४, पूर्णवेळ नोकरी, बॅडमिंटन, गिटार आणि फोटोग्राफी हे तीन छंद, मित्रमैत्रिणींचे दोन ग्रुप, आणि दोन महिन्यांपूर्वी प्रेम जमलंय. आता गिटार महिनाभर पिशवीतून बाहेर आलेली नाही, जवळची मैत्रीण फुगून बसली आहे, झोप जेमतेम साडेपाच तास होते. वेळ आणायचा कुठून?

तास तुमच्याकडे आहेत, कमी पडतात त्या संध्याकाळी. आठवड्याचे १६८ तास. आठ तासांच्या झोपेत ५६ जातात, नोकरी आणि प्रवासात साधारण ५५, अंघोळ-जेवण-घरकामात रोज अडीच तास धरले तर साडेसतरा. उरतात ३९-४०. एवढा मोठा आकडा बघून माणूस सगळ्यांना हो म्हणत सुटतो आणि तिथेच गणित फसतं. त्यातले बरेच तास वीस मिनिटं इथे, पाऊण तास तिथे असे सांडलेले असतात. त्यात कोणाला धड भेटताही येत नाही.

म्हणून सलग अडीच-तीन तासांचे तुकडे मोजा. कामाच्या पाच दिवसांच्या पाच संध्याकाळी, आणि सुटीच्या दोन दिवसांच्या सकाळ, दुपार, संध्याकाळ मिळून सहा, एकूण ११. सुटी एकच असेल तर ९. एक तुकडा कपडे, बाजारहाट, बिलं यांचा. एक मुद्दाम मोकळा, कारण दर आठवड्याला काहीतरी घसरतंच आणि ते कुठेतरी पडावं लागतं. उरले ९. माझी वाटणी अशी असेल: तीन प्रेमाला, तीन छंदांना, दोन मित्रांना, एक घरच्यांना. सध्या तुमचे सहा-सात तुकडे एकाच ठिकाणी जात असणार. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तसं होतंच, त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. फक्त आता आवरा.

छंदांपासून सुरुवात करू. बॅडमिंटनसारखा छंद आपोआप टिकतो, कारण वेळ ठरलेली असते आणि कोर्टवर कोणीतरी वाट बघत असतं. मरतात ते एकट्याने करायचे छंद. गिटारचं नुकसान तर दुहेरी. दोन-तीन आठवडे हात लावला नाही की बोटांच्या टोकांची घट्ट झालेली कातडी मऊ पडायला लागते. मग तारा टोचतात, टोचतात म्हणून दहा मिनिटांत ठेवून देता, ठेवून दिली की कातडी आणखी मऊ. त्यामुळे रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा आठवड्यात चार वेळा पंधरा मिनिटं वाजवा. यासाठी मोठा तुकडा लागत नाही, ते सांडलेले तास इथे कामी येतात. गिटार पिशवीत न ठेवता स्टँडवर, डोळ्यांसमोर ठेवा. पिशवी उघडून ट्यून करण्यातच चार-पाच मिनिटं जातात आणि तेवढ्या कंटाळ्याने बेत रद्द होतो. पंधरा मिनिटांत काय वाजवायचं ते आदल्या दिवशीच चिठ्ठीवर लिहून ठेवा: पाच मिनिटं कॉर्ड बदलण्याचा सराव, दहा मिनिटं एकाच गाण्याचं अडणारं कडवं. एखादा दिवस चुकला तर चुकू दे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयींवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही.

आणि तीनपैकी एक छंद तीन महिन्यांसाठी थांबवा. कोणता थांबवायचा हे ठरवताना पुन्हा सुरू करायला किती जड जाईल ते बघा, आवडीचा मुद्दा इथे दुय्यम. फोटोग्राफी तीन महिन्यांनी उचलली तरी डोळा फारसा बिघडत नाही. बॅडमिंटन सोडलं तर दम जातो आणि जोडीदार दुसरा मिळतो. म्हणून फोटोग्राफी थांबवा, कॅमेऱ्याची बॅटरी काढून ठेवा, आणि परत सुरू करण्याची तारीख फोनमध्ये टाका. तारीख न टाकता थांबवलेला छंद सुटतो. ‘आम्ही दोघं मिळून फोटो काढायला जातो, म्हणजे प्रेमही झालं आणि छंदही’ ही युक्ती सगळ्यांनाच सुचते. महिन्यातून एकदा ठीक आहे. पण हव्या त्या उजेडासाठी तुम्ही चाळीस मिनिटं एका जागी उभ्या राहिलात की सोबतचा माणूस कंटाळतो, मग तुम्ही घाई करता, आणि धड फिरणंही होत नाही, धड फोटोही येत नाहीत.

आता मित्र. ऑक्सफर्डचे मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी २०१० मध्ये मांडलेलं निरीक्षण असं की आपल्या अगदी जवळच्या वर्तुळात साधारण पाच माणसं असतात, आणि नवं प्रेम आलं की त्यातली सरासरी दोन बाहेर पडतात. कान्सास विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार नव्या ओळखीचा माणूस जवळचा मित्र व्हायला २०० हून जास्त तास एकत्र घालवावे लागतात. आठवड्याला तीन तास धरले तरी सव्वा वर्ष. तेव्हा दोन्ही ग्रुपमधल्या प्रत्येकाला सारखं जपायचा प्रयत्न सोडा. पाच नावं कागदावर लिहा, मित्रांचे दोन तुकडे आधी त्यांचे. ग्रुपसाठी महिन्यातला एक वार कायमचा ठरवून टाका, म्हणजे पहिला गुरुवार, आणि निम्मे जरी आले तरी भेट होणार असं जाहीर करा. सहा जणांच्या सोयीची तारीख शोधत बसलात तर भेट होतच नाही.

मैत्री नकाराने तुटत नाही, मोघम उत्तराने तुटते. ‘बघू गं’, ‘भेटू लवकरच’ ही दोन वाक्यं बंद करा. नाही म्हणायचं असेल तर त्याच निरोपात दहा दिवसांच्या आतली दुसरी वेळ द्या: ‘शनिवारी नाही जमणार. मंगळवारी सात वाजता तुझ्याकडे येऊ?’ आणि ज्याला आधी शब्द दिला तो पाळायचा, मग नंतरचं बोलावणं कोणाचंही असो. एकाच मैत्रिणीची भेट सलग दोनदा रद्द केली की ती तिसऱ्यांदा विचारत नाही. तुमची मैत्रीण फुगली आहे ती बहुधा याच जागी. तिला लांबलचक माफीचा निरोप पाठवू नका, त्याला उत्तर देण्याचं ओझं तिच्यावरच पडतं. फोन करा, ‘मी दोनदा टांग मारली, चुकलं’ एवढं म्हणा आणि दिवस ठरवा. त्या भेटीत पहिला तासभर प्रियकराचा विषय काढू नका.

त्याची मित्रांशी ओळख करून देताना आख्खा ग्रुप एकदम समोर आणू नका. जुने किस्से निघतात आणि तो बिचारा कोपऱ्यात हसरा चेहरा करून बसतो. जास्तीत जास्त तिघं, हाताला काही काम असेल असा बेत (एखादा खेळ, चालणं), आणि दोन तासांत संपेल असं आधीच सांगितलेलं. प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं त्याला अगोदर सांगून ठेवा. मध्येच दहा मिनिटं बाहेर जाऊन या, ते आपसात बोलतील. त्याच रात्री ‘कसा वाटला?’ असं विचारू नका. आणि त्यानंतर प्रत्येक भेटीला त्याला नेऊ नका. त्याच्यासोबत एक भेट झाली तर पुढच्या दोन त्याच्याशिवाय.

वेळ भेटींपेक्षा जास्त खातात ते मेसेज. दिवसभर दर पाच मिनिटांनी फोन बघणं, ‘टाइप करतोय’ दिसल्यावर थांबून राहणं, यात काम लांबतं, काम लांबलं की संध्याकाळ जाते. दुपारची दहा मिनिटं आणि रात्री अर्ध्या तासाचा फोन असं दोघांनी ठरवा. फोन कधी सुरू करायचा यापेक्षा कधी संपवायचा ते पक्कं करा, आणि तो अंथरुणाबाहेर बसून करा. अंथरुणातला फोन संपत नाही. तुम्ही रोज दीड तास झोप कमी घेत असाल तर आठवड्याला साडेदहा तास होतात. सुटीच्या सकाळी ते भरून काढायला गेलात की एक तुकडा गेला. प्रौढांना किमान सात तास झोप लागते, प्रेमात पडलेल्यांनाही.

हे त्याच्याशी बोलायला तुम्ही उशीर केलाय, तर या आठवड्यातच बोला. सुरुवातीला माणसं आपले छंद, मित्र बाजूला ठेवून पूर्ण मोकळी असल्यासारखी वागतात. तीन महिन्यांनी जुनं आयुष्य परत सुरू केलं की समोरच्याला वाटतं, हिचं मन उडालं. म्हणून साधं सांगा: ‘मंगळवार बॅडमिंटनचा, गुरुवार मैत्रिणींचा, हे पुढेही असंच राहणार. बुधवार, शनिवार संध्याकाळ आणि रविवार दुपार आपली.’ त्याचे वार कोणते, तेही विचारा. कॅलेंडर मात्र इतक्यात शेअर करू नका. रिकामा चौकोन दिसला की तो आपलाच, असं दोघांनाही वाटायला लागतं. सुरुवातीला थोडी कुरकुर होईल, ती चालते. पण मैत्रिणींना भेटायला प्रत्येक वेळी परवानगी काढावी लागत असेल, भेटून आल्यावर अबोला होत असेल, तर ती अडचण वेळापत्रकाची नाही आणि वरच्या कुठल्याही वाटणीने सुटणार नाही.

रविवारी रात्री दहा मिनिटं काढून येत्या आठवड्याचे ११ चौकोन आखा. आधी दिलेले शब्द, मग बॅडमिंटन, मग बाकीचं. मोकळा चौकोन बुधवारच्या आत भरला गेला, तर त्या आठवड्यात नवीन कोणालाच हो म्हणू नका.