मोबाईलशिवाय घासच उतरत नाही

प्रश्न: डॉक्टरताई, आम्ही जिंतूर तालुक्यातले. लेकरू नववीला आहे, मोबाईल हातात आला की ताटातली भाकरी तशीच राहती, अन् रात्री एक-दीडला कुरकुऱ्याचे पुडे फोडतंय. वजन वाढलंय पण अंगात ताकदच नाही म्हणतंय. काय करावं?

उत्तर: ताई, आधी त्याच्या झोपेचं बघा. या वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते, ती तुटली की भुकेचा सगळा हिशोबच बिघडतो अन् खारट, तेलकट, गोड असलंच खावंसं वाटतं, तो सगळा लेकराचा हट्टीपणा नसतो हो. स्क्रीनकडे बघत जेवलं की किती खाल्लं हेही ध्यानात राहत नाही. आणि वजन वाढलं तरी रक्त कमी असू शकतं, पुड्यातून लोह कुठून मिळणार, म्हणून सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्याच.

मोबाईल एकदम हिसकून घेऊ नका, चिडचिड वाढते. रात्री नऊनंतर घरातले सगळेच फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा, तुमचा अन् त्याच्या पप्पांचा पण, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शाळेतून आल्या आल्या ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही समोर ठेवा, त्या वेळेला पोट नीट भरलं की रात्रीचा पुडा कमी व्हायला लागतो.

शाळा, मित्र, खेळ सगळंच सुटत चाललं असेल तर मात्र वाट बघू नका, टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.