सॉलिडवर्क्समध्ये मोठी असेंब्ली उघडायलाच २० मिनिटं लागतात, रॅम वाढवून फरक पडेल का?

तुम्ही लिहिलंय की सॉलिडवर्क्समध्ये (मशीन डिझाइनच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये) साडेतीन हजार पार्टची असेंब्ली, म्हणजे पार्ट जोडून केलेलं पूर्ण मशीन, उघडायला २० मिनिटं लागतात, एखादा मेट (दोन पार्ट एकमेकांना कसे बसतात ते ठरवणारा नियम) बदलला की स्क्रीन गोठते, आणि मालक ६४ जीबी रॅम घेऊन द्यायला तयार आहेत. त्यांना लगेच हो म्हणू नका. असेंब्ली उघडी ठेवून टास्क मॅनेजर बघा. मेमरी भरत आली असेल तर रॅम जरूर घ्या. निम्मी रिकामी दिसत असेल तर पैसे वाया जातील, कारण जड झालंय ते मॉडेल.

मी सांगलीत, कुपवाड एमआयडीसीत, हळदीची मशिनरी डिझाइन करतो. कुकर, पॉलिश ड्रम, एलेव्हेटर, ग्रेडर, पल्व्हरायझर अशी पूर्ण लाइन एकाच असेंब्लीत घ्यावी लागते, त्यामुळे तुमचा त्रास मला चांगला माहीत आहे. आमचीही फाइल अशीच अडायची. शेवटी सॉलिडवर्क्समधलंच परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन हे टूल चालवलं. कुठला पार्ट उघडायला किती वेळ खातो आणि कुठल्या पार्टचे त्रिकोण (स्क्रीनवर आकार ज्या तुकड्यांनी दाखवला जातो ते) जास्त आहेत, हे तिथे सरळ दिसतं. आमचा संशय मोटर-गिअरबॉक्सवर होता. यादीत सगळ्यात वर निघाली ग्रेडरची खालची चाळणी.

१००० बाय ६०० मिमीची जाळी, ६ मिमीचे होल, ९ मिमी पिच (दोन होलच्या केंद्रांतलं अंतर), ६० अंशाची तिरकी मांडणी. हिशेब करून बघा, एका जाळीत साधारण साडेआठ हजार होल येतात, आणि मशीनमध्ये अशा ४ जाळ्या होत्या. प्रत्येक होलची आतली भिंत आणि दोन्ही कडा सॉफ्टवेअरला धरून ठेवाव्या लागतात, त्रिकोणांत मोडून दाखवाव्या लागतात. मग आम्ही त्या पार्टची दोन कॉन्फिगरेशन, म्हणजे एकाच फाइलमधली दोन रूपं, केली. लेझर कटिंगसाठी सगळे होल असलेली एक, आणि असेंब्लीसाठी होलचा पॅटर्न सप्रेस (तात्पुरता बंद) करून वर जाळीचं टेक्स्चर दिलेली दुसरी. एक गोष्ट मात्र विसरू नका. या मांडणीत जवळपास ४० टक्के पत्रा होलमध्ये जातो. होल बंद केले की सॉफ्टवेअर भरीव पत्र्याचं वजन धरतं आणि ते आकडे व्हायब्रेटरच्या हिशेबात शिरतात. त्या कॉन्फिगरेशनमध्ये वजन स्वतः भरा. आमचं हे एकदा राहून गेलं होतं आणि स्प्रिंग बदलाव्या लागल्या, म्हणून मुद्दाम सांगतोय.

त्यानंतर बोल्ट. एलेव्हेटरला ९० बकेट असल्या आणि प्रत्येकीला ४ बोल्ट, तर नट-वॉशर सोडूनच ३६० झाले. त्या बोल्टवर हेलिक्स घेऊन खरे आटे कापलेले असतील तर ते आधी काढा. कॉस्मेटिक थ्रेडने (आटे न कापता नुसती खूण दाखवून) ड्रॉइंगचं सगळं काम भागतं. सप्लायरकडून आलेल्या स्टेप फाइलही (कुठल्याही थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या मॉडेल फाइल) तपासा. गिअरमोटरच्या फाइलमध्ये कधी आतले गिअर, पंख्याची पाती, नेमप्लेटवरची कोरलेली अक्षरंसुद्धा असतात. तुम्हाला त्यातलं बाहेरचं माप, शाफ्ट आणि फाउंडेशनचे होल एवढंच लागतं. बारीक तपशील काढून टाकणारं डिफीचर टूल वापरा, किंवा फक्त बाहेरचे फेस ठेवून एकच पार्ट म्हणून सेव्ह करा.

मेट बदलल्यावर गोठण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. सगळे पार्ट वरच्याच पातळीवर मेट केलेले असले की ते मेट एकत्र सोडवले जातात. वर्कशॉपमध्ये जसे आधी छोटे गट जोडून घेतो, तशाच सबअसेंब्ली करा: फ्रेम एक, ड्रम एक, ड्राइव्ह एक. फ्लेक्सिबल (आतले पार्ट हलू देणारी) फक्त तीच ठेवा जी खरोखर हलताना बघायची आहे; प्रत्येक फ्लेक्सिबल सबअसेंब्लीचे मेट पुन्हा वरच्या हिशेबात येतात. एका पार्टच्या कडेवरून दुसरा पार्ट काढायची सवय असेल तर तीही आवरा. फ्रेमची उंची बदलली की तिच्यावर टेकलेले सगळे पार्ट रीबिल्डला (पुन्हा हिशेब करून नव्याने बनायला) लागतात. डिझाइन पक्कं झालं की ते रेफरन्स लॉक करा.

फाइल ऑफिसच्या सर्व्हरवरून उघडत असाल तर आज एक चाचणी करा. पॅक अँड गो (असेंब्लीच्या सगळ्या फाइलची एकत्र कॉपी) करून सगळं स्वतःच्या एसएसडीवर घ्या आणि उघडून बघा. वेळ एकदम घटला तर अडचण नेटवर्कची आहे. जुन्या व्हर्जनमधल्या फाइल असतील तर त्या दर वेळी उघडताना नव्याने बदलल्या जातात, म्हणून एकदा सगळ्या चालू व्हर्जनमध्ये सेव्ह करा. फक्त आधी फॅब्रिकेटरकडे कुठलं व्हर्जन आहे ते विचारा, त्याचं व्हर्जन जुनं असेल तर त्याच्याकडे फाइल नीट उघडणार नाही.

रोज नुसतं बघायला किंवा माप घ्यायला उघडत असाल तर लार्ज डिझाइन रिव्ह्यू हा उघडण्याचा मोड पुरतो, काम करताना लाइटवेट (पार्टची अर्धवटच माहिती लोड करणारा मोड).

हे सगळं करूनही मशीन घ्यायचंच ठरलं, तर मालकांना सांगा की कोअर जास्त असण्यापेक्षा एका कोअरचा वेग जास्त असलेला प्रोसेसर घ्या. रीबिल्डचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं, १६ कोअरमधले बाकीचे त्या वेळी बसूनच असतात. ग्राफिक्स कार्ड गेमिंगचं घेऊ नका, सॉलिडवर्क्सने प्रमाणित केलेल्या यादीतलं घ्या. आणि हे मशीन यायच्या आधी चाळणी, बोल्ट आणि गिअरबॉक्स हलके करून ठेवा, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल.