सफरचंदाचं व्हिनेगर रोज प्यायल्याने खरंच काही फायदा होतो का?

होतो, पण थोडा, आणि तुमच्या यादीतल्या एकाच बाबतीत. तुम्ही विचारलंय की वजन, साखर, ॲसिडिटी, त्वचा, डिटॉक्स आणि ‘शरीर अल्कलाइन होणं’ यातलं खरं काय. आणि शेवटी जाता जाता एक ओळ जोडलीय: ‘घरात एक जण मधुमेही आहेत, त्यांनाही द्यायला हरकत नसावी, नैसर्गिकच आहे.’ त्या शेवटच्या ओळीमुळे लिहायला बसले. बाकीच्यावर इथे उत्तरांचा ढीग पडलाच आहे.

आधी खरं ते सांगून टाकते. ब्रेड, भात, बटाटा असलं पिष्टमय जेवण आणि त्याच्याबरोबर व्हिनेगर पोटात गेलं, तर जेवणानंतरची साखर जरा कमी आणि जरा सावकाश चढते. यात भोंदूगिरी नाही. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॅरल जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांचा 2004 सालचा प्रयोग ‘डायबिटीज केअर’मध्ये छापून आलाय. 20 ग्रॅम सफरचंदाचं व्हिनेगर 40 ग्रॅम पाण्यात, गोडीपुरतं सॅकरिन, आणि वर बेगल, लोणी, संत्र्याचा रस. एकूण माणसं 29. ज्यांना इन्शुलिन रेझिस्टन्स होता, म्हणजे ज्यांचं शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नव्हतं, त्यांचं शरीर जेवणानंतरच्या तासाभरात इन्शुलिनला 34 टक्के जास्त दाद द्यायला लागलं. टाइप 2 मधुमेह असलेल्यांमध्ये हा आकडा 19 टक्के आला, आणि तो निव्वळ योगायोगही असू शकतो इतका कच्चा होता. एका जेवणाचा प्रयोग, बस्स. माझे भाऊजी मात्र ‘व्हिनेगरने साखर 34 टक्क्यांनी उतरते’ असं छातीठोक सांगत फिरायचे. साखर आणि इन्शुलिनची संवेदनशीलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना सांगणारी मी कोण!

आणि हो, हे काम सफरचंदाचं नाही. व्हिनेगरमध्ये साधारण 5 टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड असतं, जो काही गुण आहे तो त्याचा. साध्या पांढऱ्या व्हिनेगरनेही तेच होतं. तळाशी तरंगणारी ती ‘मदर’ म्हणजे जिवाणू आणि त्यांनी विणलेलं सेल्युलोज. मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे मला त्या धाग्यांचं कौतुक जरूर आहे, पण औषध म्हणून नाही.

आता ताईची गोष्ट.

ताईला शाळेत असल्यापासून टाइप 1 मधुमेह आहे. आजार जुना झाला की काही जणांच्या पोटाच्या नसा मंदावतात आणि खाल्लेलं पोटात तासन्‌तास पडून राहतं. याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. ताईच्या फायलीत हा शब्द आधीपासून लिहिलेला होता. भाऊजींनी फाईल कधी उघडून बघितली नव्हती, मोबाइल मात्र दिवसभर उघडा. चार घास खाल्ले की तिचं पोट गच्च व्हायचं, त्यावरून त्यांनी परस्पर निदान केलं: पचन बिघडलंय. व्हिनेगरने पचन सुधारेल, साखरही उतरेल, एका दगडात दोन पक्षी.

मग दोन्ही वेळच्या जेवणाआधी दोन मोठे चमचे सुरू झाले. भाऊजी स्वतः ग्लास भरायचे. तळाचा गढूळ थर ढवळून, चमच्याला चिकटलेला धागासुद्धा ग्लासाच्या कडेवर निपटून तिच्या हातात द्यायचे. प्रेमानेच द्यायचे, ते नाकारत नाही. ताई नाक दाबून एका दमात प्यायची आणि मग थोडा वेळ बोलायचीच नाही, कारण घसा पोळलेला असायचा.

मी तिच्याकडे राहायला गेले होते तेव्हा एका रात्री जेवण होऊन अर्धा-पाऊण तास झाला असेल, तिचा हात थरथरायला लागला. कपाळावर घाम. मशीनवर आकडा आला 58. नुकतं जेवलेल्या बाईची साखर 58! ग्लुकोज पाण्यात कालवून दिलं, तर तेही चढेना. तेही त्याच मंद पोटातून पुढे सरकायचं होतं ना. बऱ्याच वेळाने ती सावरली, आणि झोपायच्या आधी पुन्हा बघितलं तर 270 च्या वर.

ताईची एक वही आहे. डाव्या बाजूला जेवणाआधीची साखर, मग इन्शुलिनची युनिटं, मग नंतरचे आकडे, शेजारी बारीक अक्षरात काय खाल्लं ते. मी ती मागे मागे चाळत गेले. एका ठरावीक पानापर्यंत आकडे बरे होते. तिथून पुढे जेवणानंतर लगेच खाली, मग मध्यरात्रीपर्यंत वर, पानंच्या पानं तेच. व्हिनेगर कधी सुरू झालं ते वहीत कुठेच नव्हतं. ते काय खाण्यात धरायचं, असं ताईचं म्हणणं. मधल्या काळात ती डॉक्टरांकडेही जाऊन आली होती. त्यांनी विचारलं होतं, नवीन काही सुरू केलंय का? ती म्हणाली, नाही. तिच्या मते ते खरंच होतं. नवीन गोळी कुठली नव्हतीच.

झालं होतं ते असं. जेवणाआधी टोचलेलं इन्शुलिन ठरल्या वेळी कामाला लागतं, अन्न मात्र अजून पोटातच असतं. त्यामुळे साखर आधी कोसळते. नंतर अन्न आतड्यात उतरतं तोवर इन्शुलिनचा जोर ओसरलेला असतो, म्हणून मग ती चढते. व्हिनेगर साखर ‘सावकाश चढवतं’ म्हणतात ते बऱ्याच अंशी याच मार्गाने, पोट हळू रिकामं करून. म्हणजे इतरांच्या फायद्याचं जे कारण, तेच ताईच्या जिवावर उठलेलं. हे माझ्या मनाचं नाही. स्वीडनमधल्या माल्मोच्या डॉक्टरांनी 2007 मध्ये टाइप 1 मधुमेह आणि गॅस्ट्रोपॅरेसिस असलेल्या 10 जणांवर नेमका हाच प्रयोग केला होता: रोज 30 मिलीलिटर सफरचंदाचं व्हिनेगर. पोट रिकामं होण्याच्या दराचा मध्यक, म्हणजे रांगेतला मधला आकडा, 27 टक्क्यांवरून 17 टक्क्यांवर आला. 30 मिलीलिटर म्हणजे दोन मोठे चमचे, भाऊजींच्या एका ग्लासाइतकंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हा पेपर भाऊजींपुढे ठेवला. ते म्हणाले, “तू पेपर वाचत बस, मी रिझल्ट बघतो.” मी म्हटलं, “मग वही बघा.” त्यावर त्यांचं ठेवणीतलं वाक्य आलं: “अगं, सफरचंदाचंच आहे ते. त्याने काय अपाय होणार?”

तुमच्या प्रश्नातली ती ओळ हीच आहे, म्हणून जरा स्पष्ट बोलते. एक काहीतरी ठरवा. हे साखरेवर औषधासारखं काम करतं म्हणता ना? मग औषधासारखंच त्याचं प्रमाण बघा, वेळ बघा, दुसऱ्या औषधांशी जमतं का बघा, डॉक्टरांना सांगा. आणि पाण्यासारखं निरुपद्रवी आहे म्हणता, तर मग पाणीच प्या, घसा तरी पोळणार नाही. गुण घ्यायचा औषधाचा आणि जबाबदारी घ्यायची सरबताची, हे चालणार नाही. भाऊजींना हे मी तेव्हाही सांगितलं होतं, पण त्यांना तेव्हा फोन आला.

ताईने व्हिनेगर बंद केलं. आकडे हळूहळू पूर्वीच्या वळणावर आले. तिचं पोट मुळातच मंद असल्यामुळे सगळा दोष व्हिनेगरच्या माथी मारता येणार नाही हे मला कळतं. पण डॉक्टरांनी ऐकलं तेव्हा त्यांनी फायलीत ते मोठ्या अक्षरात लिहून घेतलं.

वजनाचं म्हणाल तर जपानमध्ये 2009 साली एक अभ्यास झाला: 12 आठवडे, रोज 15 किंवा 30 मिलीलिटर व्हिनेगर असलेलं पेय. वजन घटलं अनुक्रमे सुमारे 1.2 आणि 1.9 किलो. पेय बंद केल्यावर ते पुन्हा वर सरकलं. संशोधक मिझकान या व्हिनेगर बनवणाऱ्याच कंपनीचे होते. त्यामुळे आकडे खोटे ठरत नाहीत, पण तीन महिन्यांत जेमतेम दोन किलो, हीच कंपनीच्या प्रयोगातली कमाल मजल. 2014 मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या एका प्रयोगात भूक कमी होण्याचं कारण शोधलं, तर ते बरंचसं मळमळ निघालं. मळमळतंय म्हणून कमी जेवायचं, याला मी तरी फायदा म्हणणार नाही.

आणि तो लेबनॉनचा अभ्यास! 2024 मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय प्रकाशन समूहाच्या एका नियतकालिकात आला होता: 120 तरुण मुलंमुली, रोज एक चमचा ते एक मोठा चमचा व्हिनेगर, 12 आठवड्यांत 6 ते 8 किलो वजन कमी. भाऊजींनी तो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली मला उद्देशून हसरा चेहरा. मी तेव्हाच लिहिलं होतं की चमचाभर आंबट पाण्याने इतकं वजन उतरत असतं तर लठ्ठपणावरच्या औषधांचे कारखाने बंद पडले असते. सप्टेंबर 2025 मध्ये बीएमजेने तो अभ्यास मागे घेतला. कच्च्या आकड्यांत गडबड होती, तज्ज्ञांनी गणित पुन्हा मांडलं तर निष्कर्ष जुळेनात, आणि प्रयोगाची आगाऊ नोंदणीही नव्हती. ती बातमी मी त्याच ग्रुपवर टाकली. उत्तरादाखल नुसते जोडलेले हात आले. ते नमस्काराचे होते की ‘आता पुरे’चे, ते मी विचारलेलं नाही.

बाकीची यादी झटपट. शरीर अल्कलाइन होत नाही. रक्ताचा पीएच (आम्लता मोजायचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) 7.35 ते 7.45 च्या आत ठेवायला फुप्फुसं आणि मूत्रपिंडं समर्थ आहेत, ग्लासभर कशानेही तो हलत नाही. डिटॉक्स ही जाहिरातीची भाषा. त्वचेवर प्यायल्याने काही होत नाही, आणि लावल्याने आग होते. ॲसिडिटीवर ॲसिड प्यायचं हा तर्क मला आजवर कुणी नीट समजावून दिलेला नाही. ज्यांना जळजळ होते त्यांची वाढलेलीच मी पाहिलीय.

दातांचं मात्र झटपट नाही सांगणार. व्हिनेगरचा पीएच 2.5 ते 3 च्या आसपास असतो आणि दातांचं इनॅमल साधारण 5.5 च्या खाली विरघळायला लागतं. ताईच्या पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक झाल्या होत्या, थंड पाणी लागलं तरी कळ यायची. इनॅमल परत येत नाही. भाऊजींनी यावर उपाय सुचवला होता, लगेच ब्रश कर. तो तर सगळ्यात वाईट. ॲसिडने मऊ पडलेल्या दातांवर लगेच ब्रश घासला तर ते आणखी झिजतात. साध्या पाण्याने चूळ भरायची आणि निदान अर्धा तास थांबायचं.

एवढं रागावून झाल्यावर हेही लिहायला हवं की तुमची तब्येत ठणठणीत असेल, कुठलंही औषध चालू नसेल, आणि सॅलडवर चमचाभर व्हिनेगर घालत असाल किंवा मोठ्या ग्लासभर पाण्यात मिसळून जेवणाबरोबर घेत असाल, तर मला काही म्हणायचं नाही. मी स्वतः सॅलडवर घालते. उपाशीपोटी, न मिसळता, झोपताना मात्र नको. इन्शुलिन, मधुमेहाच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. व्हिनेगर अति झालं तर पोटॅशियम उतरू शकतं. ऑस्ट्रियात इन्सब्रुकच्या डॉक्टरांनी 1998 मध्ये एका 28 वर्षांच्या बाईची नोंद केली होती. ती सहा वर्षं रोज सुमारे 250 मिलीलिटर प्यायची. पोटॅशियम खालावलेलं आणि हाडं ठिसूळ. तुम्ही इतकं पिणार नाही हे मान्य. आणि तुमच्या घरातल्या त्या मधुमेही माणसाचं कुठलंही औषध याच्या भरवशावर कमी करू नका.

व्हिनेगरच्या गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येणार. अमेरिकेत एकीच्या घशात अशी गोळी अडकून अन्ननलिकेला इजा झाली, म्हणून 2005 मध्ये आठ ब्रँडच्या गोळ्या तपासल्या गेल्या. त्यांत ॲसिडचं प्रमाण 1 टक्क्यापासून 10 टक्क्यांच्या वरपर्यंत काहीही होतं, आणि काहींमध्ये सफरचंदाचं व्हिनेगर आहे तरी का, अशी शंका तपासणाऱ्यांनाच आली. गमीज म्हणजे चघळायच्या गोळ्यांमध्ये वर साखरही असते.