बारा वर्षांचा पोरगा शिडाच्या युद्धनौकेवर काय करायचा?

ताई, तुमच्या भाच्याने सिनेमात बारा-तेरा वर्षांची पोरं युद्धनौकेवर अधिकाऱ्याच्या पोशाखात पाहिली आणि तुम्ही विचारलंत, हे खरं असेल का? आणि असेल तर ती पोरं तिथे करायची काय? खरं आहे. मी सतराव्या वर्षी कॅडेट म्हणून जहाजावर चढलो आणि पुढची सत्तावीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, त्यामुळे हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा. एकाच पोराचं सांगतो, कारण त्याची हकीकत नीट नोंदलेली आहे आणि ती मुंबईलाही येऊन जाते.

होरेशिओ नेल्सन, पुढे ब्रिटिश नौदलाचा नामांकित सेनापती झालेला. जन्म 29 सप्टेंबर 1758, इंग्लंडमधलं बर्नम थॉर्प हे खेडं. वडील पाद्री. आई गेली तेव्हा हा नऊ वर्षांचा. मामा मॉरिस सकलिंग नौदलात कप्तान होता. भाच्याला जहाजावर यायचंय हे कळल्यावर मामाने लिहिलं, की भावंडांत सगळ्यात अशक्त असलेल्या पोराला कशाला पाठवता? पण येऊ दे, पहिल्याच लढाईत तोफगोळ्याने डोकं उडालं की त्याची कायमची सोय लागेल. 1771 साली चॅटमला उभ्या असलेल्या 64 तोफांच्या 'रेझोनेबल'वर तो रुजू झाला. वय बारा.

आता दिवस कसा जायचा ते ऐका. चार-चार तासांची पाळी, संध्याकाळी चार ते आठमध्ये दोन-दोन तासांच्या दोन पाळ्या, म्हणजे रोज वेळा बदलत राहाव्यात. दर अर्ध्या तासाला वाळूचं घड्याळ उलटायचं आणि घंटा वाजवायची. जेवायला खारवलेलं मांस, वाटाणे आणि दगडासारखं बिस्किट. त्यात किडे असायचेच. मिडशिपमन, म्हणजे अधिकारी व्हायला आलेली ही पोरं, पाण्याच्या पातळीखालच्या काळोख्या डेकवर झोळीत झोपायची. पोर्ट्समथला नेल्सनची नंतरची 'व्हिक्टरी' जतन करून ठेवली आहे. तिच्या खालच्या डेकवर मी वाकून चाललो आणि तरी दोनदा तुळईला डोकं आपटलं. तिथे वर्षानुवर्षं राहायचं म्हणजे काय, हे मान मोडून आल्यावरच कळतं.

मामा मात्र खरा जाणता माणूस. नदीत नुसत्या उभ्या असलेल्या जहाजावर पोरगा शिकणार काय, म्हणून त्याने त्याला वेस्ट इंडीजला जाणाऱ्या व्यापारी जहाजावर पाठवलं. तिथे मिडशिपमनचा मान नाही, साध्या खलाशाचं काम. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणलेल्या दोरांच्या शिडीवरून वर जायचं. मधल्या माच्याखाली, म्हणजे डोलकाठीवर उभं राहायच्या फळ्यांखाली, ती शिडी बाहेरच्या बाजूला कलते, तिथे पाठ समुद्राकडे करून लटकत चढावं लागतं. मग परबाणावर, म्हणजे शीड बांधलेल्या आडव्या वाशावर, पोट टेकवायचं, पाय खाली लोंबणाऱ्या एका दोरावर, आणि भिजून लाकडासारखं कडक झालेलं शीड मुठीत ओढून आखडायचं. एक हात जहाजासाठी, एक स्वतःसाठी, हा खलाशांचा नियम. पण शीड आवरायला दोन्ही हात लागतात, हीच तर गोम आहे. आणि हे सगळं रात्री, पावसात, जहाज डोलत असताना. नेल्सनला बोट लागायची, आणि ती खोड आयुष्यभर गेली नाही. तरी तो वर चढत राहिला.

या सफरीहून तो खलाशांमधली एक म्हण घेऊन आला, आणि 1799 साली स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिताना त्याने ती नोंदवली आहे. जहाजाच्या मागच्या भागात अधिकारी राहतात, पुढच्या भागात खलाशी. म्हण अशी: मागे मान मोठा, पुढे माणूस मोठा. पोरगा नौदलावरच नाराज होऊन परतला होता. मामाने समजूत घातली नाही, कामाला लावलं. टेम्सच्या मुखातल्या वाळूच्या दांड्यांमधून होड्या चालवायचं काम. भरती-ओहोटी, खोली, वारा सगळं तिथे हातात बसलं. माझ्या मते नेल्सन इथे घडला.

लोक सांगतात ती अस्वलाची गोष्ट. 1773 साली उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेत तो 'कार्कस'वर होता. जहाजं स्पिट्सबर्गनच्या उत्तरेला बर्फात अडकली, आणि म्हणे हा वडिलांसाठी कातडं हवं म्हणून एकटा ध्रुवीय अस्वलावर धावून गेला. ही गोष्ट कप्तानाने बऱ्याच वर्षांनी सांगितली. तुमच्या भाच्याला तीच आवडेल, तरी होड्यांची गोष्टही नक्की सांगा.

तिथून परतून थोड्याच दिवसांत तो 'सीहॉर्स'वरून हिंदुस्थानकडे निघाला. काम पुढच्या डोलकाठीच्या माच्यावर पहारा. बंगालपासून बसऱ्यापर्यंत बंदरं पाहिली. फेब्रुवारी 1775 मध्ये हैदर अलीच्या गलबतांशी झालेल्या चकमकीत पहिल्यांदा तोफा ऐकल्या. मग तापाने अंथरूण धरलं, बहुधा हिवताप. मार्च 1776 मध्ये त्याला 'डॉल्फिन'वर चढवून मुंबईहून घरी धाडलं. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला पुरंदरचा तह झाला होता. सतरा वर्षांचं, हाडाची काडं झालेलं पोर. या प्रवासात आपण अगदी खचलो होतो, पुढे काही होईल असं वाटेना, असं त्याने नंतर सांगितलं. मी हे वाचतो तेव्हा दरवेळी माझी पहिली सफर आठवते. तापाने फणफणलेला, आईची आठवण, आणि पाळीची घंटा झाली की उठायचंच.

इंग्लंडला पोचला तेव्हा मामा नौदलाच्या कारभारात मोठ्या पदावर गेला होता. वशिला लागला, हे लपवण्यात अर्थ नाही. लेफ्टनंट व्हायला वीस वर्षं पूर्ण लागत. 9 एप्रिल 1777 च्या परीक्षेच्या दाखल्यात वय विसाहून जास्त लिहिलंय आणि पोरगा होता अठराचा. पण समुद्रावरची सहा वर्षं खरी होती. अशा दाखल्यात उमेदवाराला काय काय येतं ते लिहीत. सूर्य-ताऱ्यांवरून जागा काढणं, भरतीचा हिशेब, जहाज वाऱ्यावर वळवणं हे सगळं त्यात आहे, पण यादीत नंतर. सुरुवातीला लिहिलेलं असतं: दोर सांधता येतो, गाठ मारता येते, शीड आखडता येतं.