मिशिगनमध्ये घराच्या भिंतीवर ग्रॅनाइटच्या तुकड्यासारखा पतंग बसला आहे. कोणता असावा? मारावा का?

मारू नका. करडा रंग, काळे शिंतोडे, सपाट पसरलेले पंख, दोनेक इंच रुंदी, म्हणजे बहुतेक बिस्टन बेट्युलारिया (इंग्रजीत पेपर्ड मॉथ) या पतंगाची अमेरिकेतली उपजात, कॉग्नाटारिया. ही कसर नव्हे, कपडे सुरक्षित आहेत. याची अळी आपल्या सोयाबीनवरच्या उंटअळीसारखी पाठीची कमान करत चालते, आणि फांदीवर ताठ थांबली की निव्वळ काटकी.

आम्ही मिशिगनमधल्याच नोव्हायला राहतो. स्वयंपाकघराचं काम चालू होतं तेव्हा, जूनमध्ये, आई आली होती. एका सकाळी गॅरेजच्या दिव्याखाली तिला हा दिसला. "ओट्याचा टवका इथे कुणी चिकटवला रे?" म्हणत ती उलथन्याने खरवडायला गेली. टवका उडाला तो थेट तिच्या खांद्यावर! जाडजूड, केसाळ अंग, पिसांसारख्या मिशा. नर होता. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

लगेच मेहुण्यांचा मेसेज: "हाच ना तो बोगस पतंग? झाडाला चिकटवून फोटो काढलेला?" शाळेच्या पुस्तकात नैसर्गिक निवडीचं उदाहरण म्हणून हाच पतंग असतो: धुराच्या काळात याचे काळे भाऊबंद वाढले, हवा साफ झाल्यावर घटले. फोटो खोटे म्हणून ही गोष्टही खोटी, हे मी पंधरा वर्षं ऐकतोय. अहो, पुस्तकातले काही फोटो मांडून काढलेले होते, मान्य. पण आमच्या घरापासून पाऊण तासावर, पिंकनीजवळ, मिशिगन विद्यापीठाचं जॉर्ज रिझर्व्ह आहे. तिथे १९५९ ते ६२ मध्ये सापळ्यात आलेल्या याच जातीच्या पतंगांपैकी ९० टक्क्यांहून जास्त काळेकुट्ट होते. मधल्या काळात हवा साफ करायचे कायदे आले. १९९४-९५ मध्ये काळे उरले साधारण २० टक्के. ब्रिटनमध्येही तीच घसरण. ही मोजणी आहे, मोजणीला डिंक लागत नाही. ज्यांना फोटोवर विश्वास नाही त्यांनी निदान आकडे वाचावेत, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

हां, शाळेत शिकवतात तसं 'धुराने झाडांवरचं दगडफूल गेलं, म्हणून काळे लपले' हे मिशिगनला सरळ लागू होत नाही. इथे काळे कमी झाले तेव्हा दगडफुलात लक्षात येण्याजोगा फरक नव्हता. हे मेहुण्यांना सांगू नका.

तुमचं राहिलंच. रात्री बाहेरचा दिवा बंद ठेवा, जाईल आपोआप. आणि अंग बारीक असेल तर मात्र हा तो नव्हे. याच कुळात करडे, दगडी रंगाचे बरेच आहेत. फोटो टाका.