फोटो जपायचेत? मग डिस्क नीट बघून घ्या

पन्नास कोऱ्या डिस्कांचा (डीव्हीडी किंवा ब्लू-रे) डबा स्वस्तात दिसला म्हणून लगेच उचलू नका. डब्यावर नाव एकाचं आणि माल भलत्याचाच, असं पुष्कळदा असतं. खरा उत्पादक बहुधा मीडिया कोडवरून कळतो, म्हणजे डिस्कवरच नोंदलेल्या आणि बर्निंगच्या (डिस्क लिहिण्याच्या) सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या खुणेवरून. साध्या, एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आरमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो, ऊन आणि दमट हवा त्याला मानवत नाही. त्यापेक्षा २५ जीबीची बीडी-आर (एकदाच लिहिता येणारी ब्लू-रे डिस्क) घ्या, पण एलटीएच लिहिलेली नको. तिच्यातही तसाच सेंद्रिय रंग. खास दीर्घकाळ टिकण्यासाठी बनवलेली एम-डिस्क परवडली तर उत्तमच, फक्त तुमचा रायटर (डिस्क लिहिणारा ड्राइव्ह) ती लिहितो का ते आधी बघा. पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कांच्या वाटेला जाऊच नका. बर्न झाल्यावर व्हेरिफाय कराच, म्हणजे लिहिलेलं मूळ फाइलींशी जुळतं का ते तपासा, कितीही कंटाळा आला तरी! कागदी लेबल चिकटवू नका, मधल्या पारदर्शक कड्यावर मार्करने तारीख टाका. आणि एक प्रत हार्ड डिस्कवर, तीही दुसऱ्या कुणाच्या घरी.