गोंदियाच्या तलाव-जंगलांतून चार दिवस ग्रॅव्हल सायकलने फिरायचंय. रोज १२० कि.मी. जमेल का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून येताय, डांबरी रस्त्यावर लांब पल्ल्याचा चांगला सराव आहे, नुकतीच ४० मि.मी. टायरची ग्रॅव्हल बाईक (कच्च्या रस्त्यांसाठीची सायकल) घेतलीय आणि डिसेंबरअखेर गोंदियाला उतरून नवेगावबांध, इटियाडोह करत वडशापर्यंत जायचंय. मी मूळचा अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. दर हिवाळ्यात सामान बांधून याच भागात सायकल चालवतो, म्हणून स्पष्टच सांगतो. पायांत ताकद असेल तर १२० होतील, पण तसं करू नका. रोज ५०-६० धरा.

पहिलं कारण उजेडाचं. गोंदिया पुण्याच्या बरंच पूर्वेला आहे, त्यामुळे डिसेंबरात सूर्य तुमच्या सवयीपेक्षा साधारण अर्धा तास आधी मावळतो. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास ऊन संपलेलं असतं. सकाळी तलावांवर धुकं बसतं, कधीकधी आठपर्यंत उठत नाही. आणि थंडी खरी असते. पारा १० अंशांखाली गेलेले दिवस दर हिवाळ्यात येतात. हातमोजे पूर्ण बोटांचे आणा.

या उजेडातही जंगलातला रस्ता असेल तर आठच्या आधी निघायचं नाही आणि चारनंतर जंगलात शिरायचं नाही, हा माझा नियम आहे आणि तो मी कुणासाठीही मोडत नाही. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. त्याच्या गाभ्यात सायकल नेण्याचा विचारच करू नका. पण जनावरं नकाशातली हद्द पाळत नाहीत. वाघ, बिबट, रानकुत्री बाहेरच्या जंगलातही फिरतात. मला स्वतःला सगळ्यात जास्त धास्ती अस्वलाची वाटते, कारण ते जवळ येईपर्यंत आपला आवाज त्याला लागत नाही आणि दचकलं की अंगावर येतं. सायकल आवाज न करता चालते, हेच तिथे धोक्याचं. वळणावर घंटी वाजवत राहा, कानात गाणी नकोत, एकटे असाल तर स्वतःशी मोठ्याने बोला. गावात चहा घेताना "पुढच्या रस्त्यावर काही दिसलं का एवढ्यात?" हे विचारायला लाजू नका. लोक "तिकून नोका जाऊ" म्हणाले तर वळसा घ्या, मग तो २० कि.मी.चा असला तरी.

दुसरं कारण खुद्द तलाव. हे तुम्ही मागे टाकत गेलात तर इथवर येऊन पाहिलं काय?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे हजारो तलाव आहेत. बहुतेक गोंड राजांच्या काळात आणि पुढे मालगुजारांच्या, म्हणजे इथल्या जमीनदारांच्या, काळात बांधलेले. बांधणाऱ्यांत कोहळी समाजाचा हात मोठा. नवेगावबांधचा अवाढव्य तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि कागदावर त्यांचं नाव 'माजी मालगुजारी तलाव' झालं. म्हणून लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. शेतातल्या लहान तळ्याला बोडी.

आता यातली तुमच्या कामाची गोष्ट. हे तलाव एकेकटे नाहीत. उतारावर एकाखाली एक आहेत. वरचा भरला की त्याच्या सांडव्याचं पाणी खालच्यात उतरतं. मी रस्ता आखतो तो या पाण्याच्या ओळीने. उपग्रह नकाशा उघडा, वरचा तलाव शोधा, त्याची पाळ बघा. पाळ म्हणजे मातीचा बांध, आणि बऱ्याच पाळींवरून बैलगाडीची नाहीतर निदान पायवाट असतेच. पाळ संपते तिथून धानाच्या बांध्यांमधून पांदण रस्ता निघतो आणि तो पुढच्या गावाला, म्हणजे बहुधा पुढच्या तलावाला, नेऊन सोडतो. अशा ओळीने गेलं की चढ जवळजवळ लागत नाही आणि डांबर दिवसभरात जेमतेम तासभर. तुम्ही ज्याला ग्रॅव्हल म्हणता ते इथे लाल मुरूम आणि कुठे कुठे नुसती पसरून ठेवलेली गिट्टी. मुरमावर सायकल सुरेख पळते. गिट्टीवर हवा कमी केलीत तरी हात सोलवटून निघतात. असा तुकडा मोठा असेल तर उतरून शेताच्या धुऱ्याने चाला.

माती मात्र ओळखून ठेवा. इथे शेतकरी मातीला कन्हार, मोरंड, सिहार, खरडी अशी वेगवेगळी नावं देतात. कन्हार म्हणजे काळी, जड, चिकट. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत अवकाळी सरी पडून गेल्यावर मी हट्टाने अशाच एका पांदणीत शिरलो. दीडशे मीटर गेलो नसेन. मागचं चाक फिरेना. बघतो तर टायर आणि फ्रेममधली जागा मातीने आणि धानाच्या तणसाने भरून घट्ट झालेली, जशी भिंतीची वीट. पळसाची काडी मोडून ती माती खरवडली, चार पावलं ढकललं, पुन्हा तेच. शेवटी सायकल खांद्यावर. त्या ओढाताणीत बाभळीच्या फांदीने टायरची बाजू फाटली. आतलं सीलंट (ट्यूबलेस टायरमधलं भोक बुजवणारं द्रावण) फेस होऊन बाहेर आलं आणि भोक काही बुजेना, कारण भोक नव्हतंच ते, बोटभर चीर होती.

गावात सायकलवाले आजोबा होते, झाडाखाली पंप आणि पाण्याचं घमेलं घेऊन बसलेले. माझ्या टायरचा प्रकार त्यांनी आयुष्यात पाहिला नसावा. दोन मिनिटं त्यांनी ती चीर नुसती अंगठ्याने चाचपली. मग ट्रकच्या जुन्या ट्यूबचा लांबट तुकडा कापला, कडा कानशीने इतक्या पातळ घासल्या की बोटाला कड लागू नये, टायरच्या आतून सोल्युशनने चिकटवला, वर माझी ट्यूब टाकली. त्या तुकड्यावर मी वडशापर्यंत गेलो आणि पुढे घरी आल्यावरही महिनाभर तोच टायर वापरला. त्यांनी २० रुपये मागितले. जास्त देऊ केले तर घेतले नाहीत, पोराने चहा आणून दिला. म्हणून सांगतो, ट्यूबलेस असलात तरी दोन ट्यूब सोबत ठेवाच. तुमच्या बारीक व्हॉल्व्हची ट्यूब तालुक्यालाही मिळत नाही आणि गावच्या पंपाला तो व्हॉल्व्ह बसत नाही. पितळी अडॅप्टर खिशात असू द्या. पाऊस पडून गेला असेल तर दोन दिवस पांदण सोडा, डांबर धरा.

मार्ग असा धरा. पहिल्या दिवशी गोंदियाहून गोरेगावच्या बाजूने आतल्या रस्त्यांनी सडक अर्जुनी. इथे एक सावधगिरी: अर्जुनी दोन आहेत, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव, दोन्ही तालुक्याची गावं. नुसतं "अर्जुनी" विचाराल तर भलतीकडे जाल. दुसरा दिवस मुद्दाम लहान ठेवा आणि दुपारीच नवेगावबांधला पोचा. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून जिथे पाखरं पाहिली, तो हा तलाव. संध्याकाळी पाळीवर बसा. हिवाळ्यात लांबून आलेली बदकं पाण्यावर काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात, आणि ढिवरांची (मासेमारांची) डोंगी जवळून गेली की सगळे ठिपके एकदम उठतात. साधी दुर्बीण आणा, तिचं ओझं होत नाही. सारस बघायचा असेल तर मात्र तो या वाटेवर नाही. गोंदियाच्या उत्तरेकडे वैनगंगा आणि बाघ नदीच्या काठची शेतं आणि परसवाड्याचा तलाव, तिकडे आधी एक दिवस काढा. महाराष्ट्रात तो आता याच भागात उरलाय.

तिसऱ्या दिवशी इटियाडोह. हे गाढवी नदीवरचं धरण, मामा तलावांच्या मानाने कालचं, पण जंगलाच्या मधोमध पसरलेलं पाणी पाहून थांबायला होतंच. जवळ गोठणगावला तिबेटी वसाहत आहे. साग-ऐनाच्या जंगलात प्रार्थनेच्या रंगीत पताका दिसतात तेव्हा क्षणभर काही कळत नाही. चौथा दिवस अर्जुनी मोरगाव ते वडसा, सोपा.

मुक्कामाला नवेगावबांधला खोल्या आधी ठरवून ठेवा. बाकी ठिकाणी तालुक्याच्या गावी साधं लॉज मिळतं. खेड्यात अडकलात तर सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटा, शाळेचा व्हरांडा नाहीतर समाजमंदिर उघडून देतात. तंबू तलावाच्या काठी टाकू नका. रात्री तिथे जनावरं पाण्यावर येतात. खायला गावोगावी पोहे, आलूबोंडा, चहा. दोन गावांमधल्या वाटेसाठी फुटाणे आणि गूळ जवळ ठेवा.

कंटाळलात, पाय दुखले, काही मोडलं, तर गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्ग तुमच्या जवळपासच असतो. सौंदड, अर्जुनी, वडसा ही स्टेशनं त्याच्यावरच. वडशाहून परत जायची गाडी मात्र दुसऱ्या दिवशीची धरा. दिवाळीनंतर तिकडे झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याच्या, नाटकांचा हंगाम असतो आणि वडसा त्यांचं ठाणं. आज रात्री कुठल्या गावात प्रयोग आहे ते चौकातल्या बोर्डावरून कळेल. चादर घेऊन जा, नाटक पहाटेपर्यंत चालतं.